ठोके सुधारले, रुग्ण सुधारला का?

हृदयावरील शस्त्रक्रिया नीट पार पडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाची नाडी एकाएकी बेताल धावू लागते. हृदयाची अलिंदे लयीत आकुंचन न पावता नुसती थरथरतात. अशा रुग्णांत पुढे पक्षाघात व मृत्यू अधिक आढळतात. मग ठोके नियमित केले की धोका टळेल, असे कोणालाही वाटेल. पण ताप उतरला म्हणजे हिवताप बरा झाला असे नव्हे. बिघडलेले ठोके हे धोक्याचे कारण आहे की उतारवय आणि दुबळे हृदय यांची केवळ खूण, हे प्रयोगाशिवाय ठरत नाही.

असा एक प्रयोग अमेरिका व कॅनडात झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. नोंदवलेल्या २१०९ रुग्णांपैकी ६९५ जणांचे ठोके शस्त्रक्रियेनंतर बिघडले. त्यांतील ५२३ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटात ठोक्यांचा वेग तेवढा आवरला, दुसऱ्यात औषधाने व गरज पडल्यास विजेच्या धक्क्याने लय पूर्ववत केली. साठ दिवसांत रुग्णालयात काढलेल्या दिवसांचा मध्यक एका गटात ५.१ व दुसऱ्यात ५.० निघाला. म्हणजे फरक नाहीच.

प्रयोगाची मांडणी चोख आहे. आमचा आक्षेप मोजपट्टीला आहे. रुग्णालयातल्या दिवसांवरून खर्च कळतो, पण आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतलेला रुग्ण वर्षभराने कसा आहे, हे कळत नाही. पक्षाघाताचा निकाल लावायला ५२३ रुग्ण आणि साठ दिवस अपुरे आहेत.

दुसरे असे की, ज्यांचे ठोके आधीपासूनच अनियमित होते त्यांना या प्रयोगातून वगळले होते. आपल्याकडे लहानपणच्या ऱ्हुमॅटिक तापाने झडपा बिघडलेले असे रुग्ण पुष्कळ. त्यांच्याबद्दल २०२२ साली भारतासह २४ देशांतील साडेचार हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रिव्हारोक्सॅबान या नव्या औषधापेक्षा वॉरफरीनच्या जातीची जुनी, स्वस्त औषधेच सरस ठरली. मृत्यूही कमी झाले. धातूची झडप बसवलेल्यांनाही हीच औषधे लागतात. मात्र त्यांची मात्रा ठरवायला वरचेवर रक्त तपासावे लागते. मात्रा कमी पडली तर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. तेव्हा रुग्णाचे भवितव्य तपासणीची सोय गावापासून किती दूर आहे, यावरही ठरते.

सेवाग्रामच्या, १९६९ साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. शस्त्रक्रियेचे यश अशा गावांत, रुग्णाच्या घरी मोजले जावे, असे आम्हाला वाटते.

वर्गात नाडी मोजताना पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणण्याची सवय असते. ठोके अनियमित असतील तर हे गणित चुकते. विद्यार्थ्यांना पूर्ण मिनिट मोजायला लावावे, आणि नुसता आकडा न लिहिता दोन ठोक्यांमधले अंतर सारखे आहे का, हेही नोंदवायला सांगावे.