शांताबाई ऐकतात तेव्हा

दूरदर्शनवरच्या ‘रानजाई’ या कार्यक्रमातल्या शांताबाई शेळके पाहाव्यात त्या ऐकताना. समोर डॉ. सरोजिनी बाबर बोलत असतात. माहेरवाशिणीचं, जात्यावरचं, एखाद्या झाडाचं किंवा दागिन्याचं निघालेलं बोलणं वाहत कुठल्या कुठे जातं, आणि शांताबाई त्याला वाट देत राहतात. ‘मेघदूता’चा मराठीत अनुवाद केलेली, गीतं लिहिलेली, पुढे १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष झालेली ही बाई. तिच्या पोटात ओव्यांचा साठा काही कमी नव्हता. तरी ती मध्ये तोंड घालत नाही. सरोजिनीबाईंचं वाक्य संपतं, क्षणभर शांतता होते, मग शांताबाई एखादा पाठभेद हळूच पुढे ठेवतात किंवा ‘मग पुढे?’ अशा अर्थाचं नुसतं बघतात. जाणकार माणसाने दुसऱ्या जाणकाराचं असं मन लावून ऐकणं आजच्या पडद्यावर फार दुर्मीळ झालं आहे. म्हणून ‘रानजाई’चे जुने भाग मी पुन्हा पुन्हा लावतो.

सरोजिनीबाई सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या. राज्याच्या लोकसाहित्य समितीचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं, गावोगावच्या बायकांकडून गाणी गोळा करून छापली. पण पडद्यावर त्या संग्राहक म्हणून बसत नाहीत. ओवी बोलण्याच्या ओघातच त्यांच्या तोंडी येते. स्वर लावायचा, घसा खाकरायचा, आता ऐका म्हणायचं, असलं काही नाही. ‘तर ती सासुरवाशीण म्हणते’ असं म्हणून त्या जे बोलतात त्याला कधी लय आली आणि गद्याची ओवी कधी झाली हे कळेपर्यंत ओवी संपलेली असते. लोकसाहित्याचं खरं राहणं हेच. मंचावर उभं करून दाखवलेली ओवी आणि स्वयंपाकघरात बोलता बोलता आलेली ओवी यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. दूरदर्शनच्या त्या साध्या स्टुडिओत ते अंतर कसं कोण जाणे, नाहीसं झालं.

मग बायका गातात. इथे कान देऊन ऐकण्यासारखी एक गोष्ट आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, खुंटा दोघींच्या हातात, एक मधूनच वैरण घालते. जात्याचा फेरा जिथे जड होतो तिथे श्वास लागतो, म्हणून ओवीत त्या जागी आपोआप थांबा येतो. गाणाऱ्या बायकांनी तो थांबा समोर जातं नसतानाही जपलेला असतो. ती जागा कुणी भरत नाही. ओवीत रिकाम्या राहिलेल्या त्या क्षणात दळण ऐकू येतं. एखाद्या संगीतकाराने तिथे बासरी टाकली असती तर गाणं गोड झालं असतं आणि ओवी मेली असती.

शिरगावात हे बघण्याला आणखी एक अर्थ येतो. बदलापूर पूर्वेच्या या भागात जुनी घरं आणि नव्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. इमारतीत राहणारे आम्ही बहुतेक बाहेरून आलेलो: कुणी परळ-लालबागहून, कुणी साताऱ्याहून, कुणी जळगावहून. घरं मात्र मूळच्या माणसांची, आगरी-कुणब्यांची. या पट्ट्यात लग्न लागायचं ते धवलारणीच्या तोंडून. हळदीपासून पुढच्या प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती म्हणेल तो क्रम. शेजारच्या आजींना मी एकदा ‘रानजाई’चा एक भाग लावून दिला. थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘आमच्याकडं असं नाय म्हणत.’ आणि त्यांनी त्यांच्याकडचं म्हणायला सुरुवात केली. पडद्यावरच्या बायकांचं चालू होतं तसं यांचंही चालू राहिलं. घरातली सून हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. तिने हे सासूच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. चांगल्या कार्यक्रमाची माझी कसोटी तेव्हापासून ठरून गेली आहे: तो पाहून पाहणाऱ्याला बोलावंसं वाटतं का?

हे सगळं दूरदर्शनला साधलं कशाने? मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वरळीच्या त्या इमारतीत जी माणसं गोळा झाली ती दूरचित्रवाणीची नव्हतीच, कारण मराठीत तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती. कुणी नाटकातून आलं, कुणी आकाशवाणीतून, कुणी मास्तरकीतून. आकाशानंदांनी ‘ज्ञानदीप’ केला आणि त्याच्या प्रेक्षकांनी गावोगाव मंडळं काढली. त्याआधी दिल्लीत पु. ल. देशपांडे या माध्यमाच्या पायाभरणीला होते आणि छोट्या पडद्यासाठी पंडित नेहरूंची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. या माणसांना मोजक्या वेळेत काही विकायचं नव्हतं. पगार सरकारी, प्रेक्षक सगळा महाराष्ट्र, आणि वाहिनी एकच. त्या एकुलतेपणाचे तोटे पुष्कळ होते, पण एक मोठा फायदा झाला. प्रेक्षक बटण दाबून दुसरीकडे पळेल ही धास्ती नव्हती, म्हणून बोलणाऱ्याचा श्वास तोडायची गरज कुणाला भासली नाही.

‘चिमणराव’ घ्या. १९७७ च्या सुमाराची, काळीपांढरी, मराठीतली पहिली मालिका म्हणून जिचं नाव घेतात ती. चि. वि. जोशींच्या पुस्तकांत चिमणराव स्वतःच आपली फजिती सांगतो. सगळी गंमत त्या सांगण्याच्या भाबडेपणात आहे. पडद्यावर आणायचं म्हटल्यावर सांगणारा गेला, उरला नुसता फजीत होणारा. पटकथेपुढचा हा मोठा पेच होता. दिलीप प्रभावळकरांनी तो अंगाने सोडवला. त्यांचा चिमणराव वाक्य सुरू करतो, समोरच्याचा चेहरा बघतो आणि उरलेलं वाक्य गिळतो. गिळलेलं ते वाक्य आपल्याला मात्र पूर्ण ऐकू येतं. पुस्तकातला निवेदक असा त्या आवंढ्यात येऊन बसला. शेजारी बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ: छाती पुढे, आवाज खणखणीत, विचार करण्याआधी सोट्यावर हात. दोघांच्या मधल्या जागेत विनोद घडतो आणि कॅमेरा त्या दोघांना एकाच चौकटीत ठेवून स्वस्थ बसतो. ओरडून हसवण्याचा मोह कुणालाच झालेला नाही. घराच्या भिंती रंगवलेल्या पडद्यासारख्या दिसतात हे खरं, पण पाच मिनिटांत ते डोळ्यांना खुपेनासं होतं.

बातम्यांबद्दलही हेच म्हणेन. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांनी इथे बातम्या वाचल्या, पण सातच्या बातम्या म्हटलं की कानात आवाज उमटतो तो प्रदीप भिड्यांचा. २०२२ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचं वाचन ज्याला समजून घ्यायचं असेल त्याने वाक्याच्या शेवटाकडे लक्ष द्यावं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. घडलं, घडेल की घडायचं टळलं हे शेवटच्या शब्दाशिवाय कळत नाही. घाईचा निवेदक नेमका तोच शब्द खातो. भिडे वाक्याचा भार शेवटपर्यंत उचलून नेत, क्रियापद नीट खाली ठेवत, मग पुढची बातमी घेत. आवाज चढवून बातमी मोठी करायची नाही आणि उतरवून हळवी करायची नाही, हे त्यांनी चार दशकं पाळलं.

याची किंमत आमच्यासारख्या नदीकाठच्या गावाला पावसाळ्यात कळते. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजाराहून अधिक प्रवासी बोटींनी बाहेर काढले. त्या दिवशी आम्हाला हवं होतं ते एवढंच: उल्हास नदीची पातळी किती, बारवी धरणातून काही सुटलंय का, गाड्या कुठपर्यंत आहेत. बदलापुरात उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर, हा आकडा इथे पावसाळ्यात घरोघरी बोलला जातो. आकडा, ठिकाण आणि वेळ या तीन गोष्टी शांतपणे सांगणारा माणूस अशा वेळी देवासारखा वाटतो. सरकारी वाहिनी सरकारची बाजू जरा जास्तच मांडते, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि एखादा विषय तिथे नाहीच निघाला तर मी दुसरीकडे शोधतो. पण निघालेला विषय कसा सांगावा याचा वस्तुपाठ अजून तिथलाच.

‘आमची माती आमची माणसं’ शहरातली मंडळी गाणं लागेपर्यंत सहन करायची. मला तो कार्यक्रम मनापासून आवडतो. राजा मयेकर, माया गुजर यांच्या ‘गप्पागोष्टी’ तर होत्याच, पण त्याहून आवडतात ती शेतकऱ्यांची पत्रं. अमक्या तालुक्यातून अमके विचारतात की डाळिंबावर काळे डाग पडतात, काय करावं? कृषी विद्यापीठातले डॉक्टर आधी विचार करतात, मग औषध सांगतात, प्रमाण सांगतात आणि फवारणी उन्हात करू नका हेही सांगतात. प्रश्न एकाचा, उत्तर त्याच्या कामाचं, आणि आपण मधे बसून शिकतो. ज्याचा डाळिंबाशी संबंध नाही त्यालाही आपल्या राज्यात कुठे काय पिकतं आणि कशाने बुडतं ते कळत जातं. बदलापूरच्या आसपास भातशेती अजून आहे, दरवर्षी थोडी कमी होत का होईना.

सह्याद्री हे नाव दूरदर्शनच्या या मराठी वाहिनीला २००० साली मिळालं. आज ती फ्री डिशवर महिन्याचा पैसा न भरता दिसते. तरी ती पाहणं सोपं नाही. कार्यक्रमाची वेळ न सांगता बदलते, आवाज कधी खोल विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि नवे सेट पाहून वाटतं की कुणाला तरी खासगी वाहिन्यांसारखं दिसायचं होतं. हे मला फार लागतं. वरळीची ताकद झगमगाटात कधीच नव्हती. त्याहून मोठं दुःख साठ्याचं आहे. त्या काळी टेप महाग, म्हणून एका कार्यक्रमावर दुसरा भरला जायचा. कितीतरी भाग असे पुसले गेले. उरलं त्यातलं बरंच यूट्यूबवर येतं आहे, चित्र थरथरतं, मधेच रेष जाते, पण सरोजिनीबाईंचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेलं ‘स्मृतिचित्रे’ आठवतं. सुहास जोशींच्या लक्ष्मीबाई टिळक एका जागी बसून नुसत्या बोलत असल्या तरी पुरे होतं. आज तसा लांब पल्ल्याचा कार्यक्रम मराठीत कोण करेल? खासगी वाहिनीकडून ती अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे, तिचं पोट जाहिरातीवर. ते काम लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीचंच.

आणि काम समोर पडलेलं आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या गावांत धवले येणाऱ्या म्हाताऱ्या आता थोड्या उरल्या आहेत. लग्नं हॉलमध्ये लागतात, डीजे असतो, धवलारीण बोलावली तर दोन गाणी म्हणवून घेतात आणि जेवायला बसवतात. तिला पूर्ण लग्न सांगू देईल, मधे न तोडता, असा कॅमेरा हवा आहे. तो कुणाकडे आहे हे वरळीला माहीत आहे. तिथून बदलापूर लोकलने दीड-दोन तासांवर, आणि लग्नसराई दर वर्षी येते. शेजारच्या आजींना मी विचारून ठेवलं आहे. त्यांचं म्हणणं, हळदीच्या आदल्या दिवशीपासून या, नाहीतर अर्धंच मिळेल.