जेटीखालचं गवत आणि पाच मीटरवरचा कंट्रोल

सिनॉप्सिस घेऊन गाईडसमोर बसलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुलना कशाशी करणार?" त्याच प्रश्नाच्या अंगाने आज एक पेपर वाचूया. विषय वरवर किरकोळ आहे, घरामागच्या खाडीत हौसेच्या होडीसाठी बांधलेली खासगी जेटी.

ठिकाण अमेरिकेतलं साउथ कॅरोलायना राज्य. तिथे घर आणि खाडीचं पाणी यांच्यामध्ये स्पार्टिना गवताची दलदल असते, म्हणून पाण्यापर्यंत पोचायला गवतावरून लाकडी वाट न्यावी लागते. राज्याचे नियम नेमके आहेत. वाटेची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको. २३ मे १९९३ नंतर नोंदलेल्या प्लॉटला स्वतःची जेटी हवी असेल, तर त्याची पाण्याकडची बाजू किमान ७५ फूट हवी. ५० ते ७५ च्या मध्ये असाल, तर शेजाऱ्याबरोबर सामाईक जेटी मिळू शकते.

या जेट्यांच्या सावलीने गवताचं काय होतं, हे डेनिस सँगर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एन्व्हायर्न्मेंटल मॅनेजमेंट या नियतकालिकात मांडलं. जेटीखालच्या काड्या मोजल्या, पाच मीटर अंतरावरच्याही मोजल्या. जेटीखाली ७१ टक्के कमी! तुमच्यापैकी निम्मे जण इथेच हायलायटर फिरवून पेपर मिटतील. पण लेखकांनी पुढे अख्ख्या खाडीचा हिशोब केला, तेव्हा नुकसान खूपच लहान निघालं. दोन्ही आकडे खरेच, छेद बदलला इतकंच. दुसरा आकडा त्यांनी दडवला नाही, याचं मला कौतुक आहे.

गंमत म्हणजे याची वरची मर्यादा नियमातूनच काढता येते. दर ७५ फुटांना चार फुटांची एक वाट, म्हणजे फार तर ५.३ टक्के गवत सावलीत. त्याच्या ७१ टक्के धरले तर एकूण घट साधारण ३.८ टक्के. फील्डवर जाण्याआधी असं पाठकोऱ्या कागदावरचं गणित करत जा, निम्मे प्रवासखर्च वाचतात.

आता माझा आक्षेप. पाच मीटरवरचा कंट्रोल त्याच खाडीत आहे. तिथेही तीच भरती येते, त्याच होड्यांच्या लाटा आदळतात, त्याच बंगल्यांच्या छपरांवरून आणि रस्त्यांवरून वाहून आलेलं पाणी मुरतं. दोन्हीकडे सारखं असलेलं नुकसान वजाबाकीत उडून जातं. म्हणजे ही मेथड सावली पकडते, वस्ती पकडत नाही. आणि ती वस्ती किरकोळ नाही. हॉलंड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवलं की पाणलोटाचा १० ते २० टक्क्यांहून जास्त भाग काँक्रीट-डांबराखाली गेला की खाडीच्या पाण्याचे गुणधर्म बदलू लागतात, आणि २० ते ३० टक्क्यांपुढे जीवसृष्टीवर परिणाम दिसतो. हॉलंड सँगरच्या पेपरचेही सहलेखक आहेत, तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. सावलीच्या प्रश्नाला पाच मीटरचा कंट्रोल योग्यच आहे. चूक होते ती "जेट्यांचा परिणाम नगण्य" असं वाक्य आपण तिथून उचलतो तेव्हा.

मग खाड्यांचीच तुलना करावी का? जेट्यावाली विरुद्ध बिनजेट्यांची? पण बिनजेट्यांच्या खाडीकाठी बहुधा घरंही नसतात, म्हणजे पुन्हा गुंता. मला विचाराल तर धागा १९९३ च्या तारखेत आहे. त्याआधीच्या अरुंद प्लॉटना ७५ फुटांची अट नाही, नंतरच्यांना आहे. घरं दोन्हीकडे, जेट्यांची दाटी मात्र वेगळी. कोणी हा प्रश्न घेणार असाल तर एक सांभाळा: जुन्या वस्त्यांत सेप्टिक टँकही जुने असतात, त्यांची माहिती आधी मिळवा.