एकूणच्या ओळीतली सरासरी

रिपोर्टच्या तळाशी ‘एकूण’ लिहून वरच्या सरासऱ्यांचीच सरासरी काढायची, ही पद्धत साफ चुकीची आहे. समजा, एका दूध संकलन केंद्रावर सकाळी १०० लिटर दूध आलं, फॅट ३.५, संध्याकाळी २० लिटर, फॅट ४.७. रिपोर्ट म्हणतो सरासरी ४.१. पण सगळं दूध एकाच टाकीत ओतून मोजा की! (१०० × ३.५ + २० × ४.७) ÷ १२० = ३.७. भाव फॅटवर ठरतो, म्हणजे फरक थेट पैशांचा.

एक्सेलच्या पिव्होटमध्ये फॅटच्या रकान्याला नुसतं ‘अ‍ॅव्हरेज’ लावलंत तरी ४.१ च दिसेल. त्याला लिटरशी काय देणंघेणं? आणि लिटरचा रकानाच गाळलेल्या रिपोर्टमधून तर ३.७ कुणालाच काढता येणार नाही.