महामारीकालीन धोरणे आणि बौद्धिक अक्षम व्यक्ती : एक चिकित्सा

प्रास्ताविक
कोविड साथीत शासनाला बौद्धिक अक्षम व्यक्तींचा विसर पडला, अशी टीका वारंवार केली जाते. ती पूर्णतः ग्राह्य नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ८ मध्ये आपत्तीकाळातील समान संरक्षणाची तरतूद आहे. टाळेबंदी जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी, २६ मार्च २०२० रोजी केंद्राने दिव्यांगांच्या मदतनीसांना प्रवासाची मुभा देण्याविषयी सूचनाही काढल्या. खरा दोष लाभासाठी लावलेल्या निकषांत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अर्थसाहाय्य
२०२० मध्ये केंद्राने वृद्ध, विधवा व दिव्यांग निवृत्तिवेतनधारकांना प्रत्येकी १,००० रुपये दिले. मात्र केंद्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंब व किमान ८० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. २०१८ च्या मूल्यमापन-सूचनांनुसार मध्यम बौद्धिक अक्षमता ७५ टक्के धरली जाते. परिणामी, दैनंदिन व्यवहारात सतत आधार लागणारा मोठा वर्ग केवळ पाच टक्क्यांनी वगळला गेला. विडी व यंत्रमागावर जगणाऱ्या सोलापुरात याची झळ विशेष होती. घरी विड्या वळणाऱ्या मातेचे काम आणि तिच्या अपत्याची विशेष शाळा एकाच वेळी बंद झाली. मजुरी थांबली आणि सांभाळाचे तास वाढले.

लसीकरण
१ मार्च २०२१ पासूनच्या प्राधान्यक्रमात सहव्याधींच्या यादीत बौद्धिक अक्षमतेचा समावेश झाला, ही बाब स्वागतार्ह होय. परंतु ४५ वर्षांची किमान वयोमर्यादा तेथेही कायम राहिली. त्यामुळे डाउन सिंड्रोम असलेल्या तिशीतील व्यक्तीस १ मे पर्यंत थांबावे लागले. दुसरी लाट तर एप्रिलमध्येच उसळली होती. लससाठा अपुरा होता, हे मान्य केले तरी इंग्लंडने तशाच टंचाईत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, डॉक्टरांकडे नोंद असलेल्या सर्व बौद्धिक अक्षम प्रौढांना प्राधान्य दिले, हे विसरता येत नाही. घरपोच लसीकरणाची केंद्राची सूचना सप्टेंबर २०२१ मध्ये आली.

निष्कर्ष
टक्केवारी आणि वय मोजणे प्रशासनास सोपे जाते. आधाराची गरज मोजणे कठीण असते. तथापि, ‘उच्च आधाराची गरज’ ही संकल्पना २०१६ च्या कायद्यातच आहे, आणि राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगत्वाचा निकष ४० टक्के आहे. म्हणजे पर्याय उपलब्ध होते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात आधाराच्या गरजेनुसार नोंदणी झाल्याखेरीज पुढील साथीतही हाच वर्ग यादीत असूनही लाभापासून दूर राहील.