जाहीरनाम्यांतील अर्थनीती : रकमेचा भेद आणि धोरणाचा भेद

निवडणुकीतील उमेदवारांच्या आर्थिक धोरणांत भेद असतो आणि मतदार त्यांतून निवड करतो, असे संसदीय लोकशाहीत गृहीत धरले जाते. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या संदर्भात या गृहीतकाची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महायुतीने 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा १५०० रुपये २१०० करण्याचे आश्वासन दिले. महाविकास आघाडीने 'महालक्ष्मी' योजनेतून ३००० रुपये देऊ केले. कर्जमाफीचे आश्वासन उभयपक्षी होते. मूळ योजनेसाठी शासनाने वार्षिक ४६,००० कोटी रुपयांचा खर्च सांगितला होता. लाभार्थी तेवढेच धरल्यास २१०० रुपयांप्रमाणे हा खर्च ६४,४०० कोटी, तर ३००० रुपयांप्रमाणे ९२,००० कोटी होतो. स्त्रीच्या हाती थेट पडणाऱ्या पैशाचे मोल नाकारता येत नाही. तथापि प्रचाराचा भर रकमेवर राहिला. ती कोणाकडून उभी करावयाची, हा अर्थनीतीचा मूळ प्रश्न मागे पडला.

महाराष्ट्राला याहून वेगळी परंपरा आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकारातून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तत्पूर्वी १९७५ मध्येच तिच्यासाठी व्यवसाय कर लागू झाला होता. ग्रामीण मजुराच्या कामाचा भार नोकरदार व व्यावसायिकांनी उचलावा, हे त्यात स्पष्टपणे सांगितले होते. घेणारा आणि देणारा दोघेही नमूद असल्याने त्या धोरणास पाठिंबा किंवा विरोध करणे शक्य होते.

जेऊर परिसरात या प्रश्नाला प्रत्यक्ष अर्थ आहे. करमाळा तालुक्याच्या एका बाजूस उजनीचा फुगवटा आहे, तर दुसरीकडे पावसावर विसंबलेली जिराईत शेती. दहिगाव उपसा सिंचन योजनेसारख्या कामांना बांधकामाखेरीज वीज व देखभालीचा खर्चही दरवर्षी लागतो. थेट अनुदान आणि सिंचन यांना निधी एकाच तिजोरीतून मिळतो. यांपैकी कशास अग्रक्रम द्यावा, याविषयी उमेदवारांची उत्तरे भिन्न असतील तरच त्यांची अर्थनीती भिन्न म्हणता येईल.

सारांश, जाहीरनाम्याचे मूल्यमापन तीन निकषांवर व्हावे : लाभ कोणास, भार कोणावर आणि त्यासाठी कोणता खर्च मागे सारला जाणार. प्राध्यापकाच्या वेतनपत्रकावर व्यवसाय कराची कपात दरमहा दिसते. अर्थशास्त्राच्या तासाला जाहीरनाम्यांची चर्चा त्या आकड्यापासून सुरू करता येईल.