काळ्याला काळं ठेवणारी काच

लायका एम८ या डिजिटल कॅमेऱ्याने पिवळ्या दिव्यांखाली टिपलेलं एखाद्या समारंभाचं छायाचित्र हाती आलं, तर चेहरे नंतर पाहा, आधी काळे कपडे पाहा. कृत्रिम धाग्याचा एखादा कोट वांगी रंगाकडे झुकलेला दिसेल, आणि त्याला खेटून उभ्या असलेल्या माणसाचा कोट काळाच असेल. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच काळे दिसत होते. फरक कापडाच्या रंगद्रव्यात होता. एक रंगद्रव्य दृश्य प्रकाश गिळून अवरक्त किरण मात्र परतवतं. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं.

सिलिकॉनची नजर सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंत पोचते, आपली ७००च्या आसपास थांबते. म्हणून बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर अवरक्त शोषणारी काच बसवलेली असते. २००६च्या या एम८मध्ये ती जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ठेवली होती. त्यामागे विचार होता. लेन्स जिथे बसते त्या एम माउंटपासून सेन्सर फक्त २७.८ मिलिमीटरवर, आणि रुंद कोनाच्या लेन्सचा मागचा भाग माउंटच्याही आत घुसणारा. त्यामुळे कोपऱ्यांवर किरण फार तिरपे पडतात. जाड काचेतून जाताना ते विसकटले असते आणि कोपरे पुसट झाले असते. लायकाने रेखीवपणा राखला आणि अवरक्ताला फट ठेवली. ही निवड मला चुकीची वाटत नाही, किंमत मात्र मोठी होती. दिवसाउजेडी पांढरा पांढरा दिसावा म्हणून कॅमेरा लाल आणि निळ्या नोंदी हिरव्यापेक्षा जास्त वाढवतो. तिन्ही रंगांत घुसलेलं अवरक्तही त्याच मापाने वाढतं, आणि लाल-निळ्याची बेरीज होऊन काळ्यावर जांभळी झाक चढते. तापलेल्या तारेच्या दिव्यात मुळातच अवरक्ताचा पूर असतो, तिथे तर विचारायलाच नको.

मग लायकाने ग्राहकांना लेन्सवर बसवायचे दोन यूव्ही-आयआर, म्हणजे अतिनील आणि अवरक्त अडवणारे, फिल्टर विनामूल्य देऊ केले. त्यातला एक हातात घेऊन खिडकीकडे धरा. सरळ पाहिलं तर काच जवळजवळ निरंगी. पृष्ठभागावर उमटलेलं प्रतिबिंब पाहा, त्यात तांबूस छटा. आता काच हळूहळू तिरपी करा, पलीकडचं जग हिरव्या-निळ्याकडे सरकू लागतं. हा रंग काचेत कालवलेला नाही. पृष्ठभागावर अतिशय पातळ थरांवर थर चढवलेले आहेत. प्रत्येक सीमेवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींशी अशा जुळतात की अवरक्त मागे फिरतं आणि दृश्य प्रकाश पुढे जातो. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच व्यतिकरणाचे. तिथे ते क्षणोक्षणी बदलतात, इथे कारागिराने थरांच्या जाडीत ते कायमचे बांधून टाकले आहेत. कुठे थांबायचं याची एवढी काटेकोर सीमा साध्या रंगीत काचेला आखता येत नाही.

पण तिरपं धरल्यावर जे दिसलं, तेच रुंद लेन्समध्येही घडतं. किरण तिरपा आला की सीमा आखूड तरंगलांबीकडे सरकते, गडद लालही अडतो, आणि चौकटीचे कोपरे हिरवट-निळे पडतात. यावरचा तोडगा मला फिल्टरइतकाच देखणा वाटतो. लेन्सच्या माउंटवर काळ्या-पांढऱ्या सहा खुणा असतात. कॅमेरा त्या प्रकाशाने वाचतो, कोणती लेन्स लागली आहे ते ओळखतो, आणि फिल्टर असल्याचं मेनूत सांगितलेलं असेल तर कोपऱ्यांत हरवलेला लाल हिशेबाने परत भरतो. जुन्या लेन्सवर हौशी लोकांनी बारीक मार्करने स्वतःच या खुणा रंगवल्या. जर्मन कारखान्याच्या शिस्तीला हा जुगाड कसा वाटला असेल कोण जाणे!

कोटाचा काळेपणा परत आला की सगळे समाधान मानतात. मी पानांकडे पाहायला सांगेन. हिरवी पानं अवरक्त भरपूर परावर्तित करतात, त्यामुळे फिल्टरविना ती पिवळट, थोडी थकल्यासारखी येतात. फिल्टर लावून त्याच झाडाचं चित्र घ्या. कोवळी पालवी आणि जून पान यांच्या हिरव्यांत पुन्हा अंतर पडतं, सावलीतला हिरवा थंड होतो. नुसता रंग दुरुस्त झालेला नसतो, रंगांमधल्या पायऱ्या परत आलेल्या असतात.

फिल्टरच्या काचेचे उपद्रवही आहेत. रात्री चौकटीत उघडा दिवा आला, तर परावर्तनांतून त्याचं एखादं भूत भलत्या जागी उमटतं. २००९च्या एम९मध्ये सेन्सरवरची काचच ०.८ मिलिमीटरची झाली, आणि लेन्सवरच्या फिल्टरची गरज संपली. एम८ वापरणारे मात्र अजूनही तो जवळ बाळगतात, आणि कृष्णधवल चित्र काढायचं असेल तेव्हा मुद्दाम काढून ठेवतात. रंगात नको झालेलं ते अवरक्त करड्या छटांत पानांना उजळ करतं, तेव्हा त्याला अडवण्याचं कारणच उरत नाही.