सर्वव्यापी देव आणि महाद्वाराची पायरी

देव चराचरात भरलेला आहे हे चोखोबांना उमगले होते, म्हणून देवळाबाहेर राहूनही त्यांची भक्ती उणी पडली नाही, असे विधान आपल्या संतसाहित्याच्या समीक्षेत बिनदिक्कत वावरत आले आहे. विधान गोड आहे, पण त्यात लबाडी आहे. ज्याला देऊळ मोकळे आहे त्याने 'मला देऊळ नको' म्हटले तर ते वैराग्य. ज्याला मनाई आहे त्याच्या तोंडी तेच वाक्य घातले, की ती मनाईला त्याच्याकडून वदवून घेतलेली संमती होते.

पंढरपूरच्या महाद्वारी हे डोळ्यांनी दिसते. नामदेवांची पायरी तिथे आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा गेले, ते साल परंपरा 1338 मानते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथवर आणल्या. समीक्षक दोघांनाही एकाच लीनतेच्या माळेत ओवतात. परंतु नामदेव आत जाऊन देवाला नैवेद्य भरवत होते, आणि पायरी त्यांनी मागून घेतली. चोखोबांना मागण्यासारखे काही ठेवलेच नव्हते. मेल्यावरही हाडे दाराच्या आत गेली नाहीत.

महिपतीच्या 'भक्तविजया'तली कथा या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजे. विठ्ठल स्वतः चोख्याला हात धरून आत नेतो. ब्राह्मण त्याला नदीपार घालवतात. मग देवच पलीकडे जाऊन त्याच्या घरी जेवतो. कीर्तनात इथे डोळे पुसले जातात. पण जो सर्वत्र आहे त्याला नदी ओलांडून यावे का लागते? 'आला' म्हणताच अगोदर तिथे नव्हता, हे कथाकाराने नकळत कबूल केले आहे. देवाचा मुक्काम देवळातच, महारवाड्यात फक्त भेट! शिवाय देव एका भक्तासाठी जागचा हलतो, दाराचा नियम मात्र तसूभर हलत नाही. चमत्कार इथे व्यवस्थेच्या सोयीचा ठरतो.

चोखोबांच्या घरातल्यांनी हा प्रश्न अधिक सरळ पाहिला. देव सर्व देहांत असेल तर विटाळ कोणत्या देहात ठेवायचा? देहाशिवाय विटाळ नाही आणि विटाळाशिवाय देह नाही, असा सोयराबाईंचा युक्तिवाद आहे. तो सोवळ्याच्या मुळावरच येतो. मुलगा कर्ममेळा तर पुरोहिताला सोडून देवालाच जाब विचारतो, घरात आलेल्या उष्ट्या अन्नाचा हिशेब मागतो. चोखोबा स्वतः कधी या जन्माला पूर्वकर्माचे फळ म्हणतात, हे झाकण्याचे कारण नाही. पण समीक्षेने तेवढेच उचलावे आणि मुलाच्या जाबाला 'तक्रारीचा सूर' म्हणून बाजूला ठेवावे, ही निवड निरागस नाही.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला, तो दर्शनाच्या भुकेपोटी नव्हता. सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून हक्क आहे की नाही, एवढाच सवाल होता. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा दाराबाहेर ताटकळण्यातला अर्थ संपला होता. विठ्ठलाचे दार उघडले ते त्यानंतर 12 वर्षांनी, 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

1948 मध्ये अस्पृश्य कोण होते याचा शोध घेणारा ग्रंथ बाबासाहेबांनी तिघांना अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. यांपैकी तामिळनाडूतल्या नंदनाराची कथा आपल्याकडे फारशी वाचली जात नाही. 12 व्या शतकातल्या 'पेरियपुराणा'त तो तिरुप्पुंगूरच्या देवळाबाहेर उभा आहे. शिवाने काय केले? दार उघडले नाही. आड येणाऱ्या नंदीला बाजूला सरकायला सांगितले, म्हणजे बाहेरूनच दर्शन व्हावे. पुढे चिदंबरमला आत जाण्यासाठी त्याला अग्नीतून जावे लागले. बाहेर आला तो अंगावर जानवे घेऊन. पुलयर नंदनार त्या देवळात गेलाच नाही.